लाईट गेल्याची बारी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, शुभांगीलाही नाही. तिला माझं बाकी बरंच काही माहीत आहे. ऑफिसात मी कुणाला घाबरतो, कुठल्या नातेवाइकाचं तोंड बघायला मला नको वाटतं, सगळं. हे नाही. दोनतीन वेळा अगदी जिभेवर आलं होतं. एकदा तर "अगं, एक सांगायचं होतं" इथपर्यंत आलो, आणि मग गॅस सिलेंडरचं काहीतरी बोललो.

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का? असू दे.

वरवर बघितलं तर गोष्ट जुन्या कॅसेटींची आहे. जुन्या कॅसेटी टाकून दिल्या, बस. कुणी नाही टाकल्या? तुमच्या घरातल्याही कधीतरी गेल्याच असतील. माळा साफ करताना, नाहीतर घर बदलताना. टेपरेकॉर्डर बंद पडलेला, दुरुस्त करणारा मिळत नाही, आणि जे ऐकायचं ते सगळं मोबाईलवर फुकट. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण मग भिवाबुवांचा चेहरा समोर येतो, आणि... नाही. क्रमाने सांगतो. नाहीतर मी परत सिलेंडरवर जाईन.

माझे बाबा, शांताराम, गिरणीत होते. गिरणी गेल्यावर मुलुंडच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. पण भांडुपला डोंगरावरच्या आमच्या चाळीत त्यांना वॉचमन म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ते पखवाज वाजवायचे. आमच्या कोकणातल्या भजनात दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात, गाण्यातूनच एकमेकांना टोमणे मारतात आणि गाण्यातूनच उत्तर देतात. त्याला डबलबारी म्हणतात, नुसतं बारी म्हटलं तरी चालतं. बाबा भिवाबुवांच्या बाजूने पखवाजावर बसायचे. भिवाबुवा त्यांच्याच गावचे, गिरणीत त्यांच्याच खात्यात कामाला होते. भांडुप, घाटकोपर, बोरिवली, जिथे जिथे कोकणातली माणसं होती तिथे गणपतीत आणि नवरात्रात या दोघांना बोलावणं असायचं.

आणि बाबा प्रत्येक बारी टेप करायचे. सेलवर चालणारा एक काळा टेपरेकॉर्डर होता, तो ते बुवांच्या पेटीजवळ ठेवायचे. घरी आल्यावर कॅसेटच्या कार्डावर निळ्या शाईने गाव, मंडळ, समोरचा बुवा कोण, सगळं लिहायचे. दोन पत्र्याच्या ट्रंका भरल्या होत्या. दीडशेच्या वर कॅसेटी असतील.

त्यातली एक खास होती. 'लाईट गेल्याची बारी' असंच तिच्यावर लिहिलेलं. भांडुपलाच झाली होती. भिवाबुवांची पाळी चालू असताना सगळ्या डोंगराची लाईट गेली. माईक मेला. समोरचा बुवा उठायला लागला, लोकही उठायला लागले. भिवाबुवांनी पेटी थांबवली नाही. बिनमाईकचे, अंधारात, नुसत्या गळ्यावर गात राहिले, आणि बाबा पखवाजावर त्यांच्या मागे. उठलेली माणसं परत खाली बसली. मी तेव्हा आठवीत होतो, तिथेच होतो. बाबांचा टेप सेलवर असल्यामुळे तेवढं सगळं त्यात आलं. लोकांचा गलका, मग तो हळूहळू बसत जाणं, आणि मग तो आवाज. बाबा पाहुण्यांना ती कॅसेट ऐकवायचे तेव्हा घरात कुणी भांडंही वाजवायचं नाही.

हे मला सगळं ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो. मला किंमत माहीत नव्हती असं मी म्हणू शकत नाही.

आमची चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा ठरला तेव्हा आम्ही दोन वर्षं कांदिवलीला भाड्याच्या खोलीत राहायला गेलो. छोटी खोली. आई तोपर्यंत गेली होती. बाबा, मी, शुभांगी आणि आमची मुलगी. ट्रंका ठेवायला जागा नव्हती. शुभांगीने त्याबद्दल एक शब्द काढला नाही, हे मुद्दाम सांगतो. अशा गोष्टीत बायकोवर ढकलायची सोय असते. ती उलट म्हणाली होती, "पलंगाखाली सरकवूया, होईल काहीतरी."

मीच म्हणालो, "बाबा, मी सगळं पेन ड्राइव्हवर करून आणतो. एवढुशा वस्तूत सगळ्या बाऱ्या. बटण दाबलं की चालू."

बाबांनी विचारलं, "सगळ्यो?"

"सगळ्या."

"आवाज रवतलो मां?" म्हणजे, आवाज राहील ना.

"आतापेक्षा चांगला येईल."

टेम्पो करून ट्रंका मी अंधेरीला आमच्या कंपनीच्या गोदामात नेऊन ठेवल्या. घाटकोपरला असं काम करणारा एक माणूस होता, त्याच्याकडे नमुन्याला दोन कॅसेटी घेऊन गेलो. तो म्हणाला, काहींना बुरशी लागलीय, आधी साफ करावं लागेल. आणि नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात साहेब, त्याला शॉर्टकट नाही. तुम्ही थोड्या थोड्या आणून द्या, मी करत जाईन. म्हटलं, बरं.

मी परत गेलोच नाही. का? मलाही याचं उत्तर हवं आहे. घाटकोपर काही लांब नव्हतं. परवडत नव्हतं असंही नाही. नुसता कंटाळा. शनिवार आला की वाटायचं पुढच्या शनिवारी. त्या दोन कॅसेटीही त्याच्याकडून परत आणून मी ट्रंकेत टाकल्या, आणि आठ महिने ट्रंका गोदामात पडून राहिल्या. बाबा दर आठदहा दिवसांनी विचारायचे, आणि मी सांगायचो, चालू आहे काम, वेळ लागतो. एकदा तर म्हणालो, निम्म्या झाल्या.

मग कंपनीने ते गोदाम सोडलं. दोन दिवसांत जागा मोकळी करून द्यायची होती. मी तिथे डिस्पॅच बघत होतो, सगळा माल हलवायची जबाबदारी माझीच. शेवटी गोदामात काय राहिलं तर तुटके पॅलेट, दोन गंजलेले रॅक आणि बाबांच्या ट्रंका. भंगारवाला आला होता. त्याने विचारलं, ये भी लेना है क्या?

रिक्षा सांगून ट्रंका घरी नेता आल्या असत्या. पलंगाखाली गेल्या असत्या. पण घरी नेल्या असत्या तर बाबांना दिसलं असतं, आठ महिन्यांत मी एकही उतरवली नव्हती. तेवढ्यासाठी. विश्वास बसतो तुमचा? दीडशे कॅसेटी मी जागेसाठी नाही टाकल्या. मी खोटं बोललो होतो ते उघडं पडू नये म्हणून टाकल्या.

मी म्हणालो, ले जाओ.

पण त्याआधी मी एक काम केलं. प्रत्येक कॅसेटच्या कार्डाचा मोबाईलवर फोटो काढला. दीडदोन तास उकिडवा बसून दीडशे फोटो काढले. तेवढा धीर मला तेव्हा आला. पुढे काय करायचं ते तेव्हाच डोक्यात तयार झालेलं असणार, नाहीतर फोटो कशाला काढले असते? भंगारवाल्याने ट्रंका उलट्या केल्या, पत्रा घेतला आणि कॅसेटी गल्लीच्या टोकाला कचऱ्यावर ओतल्या. प्लास्टिकला भाव नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी चाव्या द्यायला गेलो तर कुत्र्यांनी की कागद वेचणाऱ्यांनी त्या उचकटल्या होत्या. तपकिरी फिती तारेच्या कुंपणात अडकल्या होत्या. वाऱ्याने हलत होत्या, चकाकत होत्या. मी बघितलं आणि चाव्या देऊन आलो.

त्यानंतर तीन आठवडे मी इंटरनेटवर बाऱ्या शोधत होतो. ढिगाने मिळतात. गावोगावची मंडळं टाकतात, कुणाकुणाच्या जुन्या रेकॉर्डिंगही असतात. मी मुद्दाम खराब निवडल्या. खरखर असलेल्या, मागे लोकांचा गलका असलेल्या, ज्यात बुवाचं नाव कुठेच येत नाही अशा. घोगऱ्या आवाजाचे बुवा निवडले, कारण भिवाबुवांचा आवाज जरा घोगरा होता. लाईट गेल्याच्या बारीसाठी तर त्या रात्री गायलेला नेमका तोच अभंग असलेली एक जुनी रेकॉर्डिंग सापडेपर्यंत मी थांबलो नाही. घाटकोपरला जायचा कंटाळा करणारा मी. हे करायला मला कंटाळा आला नाही. मग फोटो बघून प्रत्येक फाईलला बाबांनी कार्डावर लिहिलेलं नाव दिलं. 'बोरिवली, नवरात्र.' 'घाटकोपर, गणेशोत्सव.' 'लाईट गेल्याची बारी.'

लाल रंगाचा एक छोटा स्पीकर आणला, त्यात पेन ड्राइव्ह घातला आणि बाबांच्या हातात दिला.

बाबांना तोपर्यंत कमी ऐकू यायला लागलं होतं. कानाला मशीन होतं, पण ते लावायचा त्यांना कंटाळा. मी त्याच्यावरच विसंबलो होतो. त्यांनी स्पीकर कानाशी धरला. पाचदहा मिनिटं ऐकलं. बोटं मांडीवर चालत होती, मग थांबली. म्हणाले, "बरां झाला." आणि स्पीकर बंद करून टेबलावर ठेवला.

एवढंच. मला वाटलं, निभावलं.

वर कौतुकही झालं. बाबांनीच सगळ्यांना सांगितलं की, माझ्या झिलान, म्हणजे मुलाने, सगळ्यो बाऱ्यो त्या एवढ्याशात भरल्यान. लग्नात, बारशात नातेवाईक म्हणायचे, विलास, मुलगा असावा तर असा. मी म्हणायचो, अहो त्यात काय. नम्रपणे म्हणायचो.

हे इथेच संपलं असतं तरी पुरेसं होतं. पण मला सांगायचं आहे ते हे नाही. हे त्याच्या आधीचं.

तीनेक वर्षांनी, आम्ही भांडुपला नव्या टॉवरमध्ये परत आल्यावर, भिवाबुवा घरी आले. रविवार होता, सकाळची वेळ. ते मुलुंडला मुलाकडे राहायचे. पंच्याऐंशी पार केलेली, हातात काठी, पण कपडे तसेच पांढरे धुतलेले आणि आवाजात तीच धार. त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी भजन व्हायचं, तिथे अजून पेटीवर बसायचे. सोबत त्यांची नात होती, ऋतुजा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिला गाण्याची आवड. आजोबांकडे शिकत होती.

चहा झाला. बाबा आणि बुवा गावच्या देवळाबद्दल बोलत बसले. मग बुवा माझ्याकडे वळले.

"विल्या, ती लाईट गेल्याची बारी लाव रे. हिका आयकवची आसा. हिना माझो तो आवाज कधी आयकलोच नाय."

ऋतुजा म्हणाली, "काका, आजोबा महिनाभर तेच बोलतायत. आज मी म्हटलं, चला, जाऊनच येऊ."

मी उठलो. म्हणालो, "अहो, तो स्पीकर कुठे ठेवलाय बघावं लागेल..." पण शुभांगीने तोवर कपाटातून काढून आणलाही. तिला काय माहीत? कौतुकाने म्हणाली, "सगळं नीट ठेवलंय यांनी."

मी फाईल लावली. तोच अभंग सुरू झाला. खरखर, टाळ, लोकांचा आवाज. बुवा डोळे मिटून बसले होते. दहाबारा सेकंदांत त्यांनी डोळे उघडले.

"लाईट जाता ता खय गेला?" लाईट जाते ते कुठे गेलं, असं त्यांनी विचारलं.

"सुरुवातीला बुरशी होती, बुवा. तेवढा भाग गेला. हा त्याच्या पुढचा," मी म्हणालो. किती पटकन सुचलं बघा.

ते परत ऐकायला लागले. पुढे वाकले. काठी गुडघ्यांत धरलेली. मग सरळ झाले आणि अगदी साधेपणाने, कुणी चुकीचा नंबर लागलाय असं सांगावं तसं म्हणाले, "हो माझो आवाज न्हय." हा माझा आवाज नव्हे.

गाणं चालू होतं.

"असो सूर मी कधी लावूक नाय. हो कोण दुसरोच आसा."

तेव्हा मी काय करू शकत होतो? स्पीकर बंद करून म्हणू शकत होतो, बुवा, बरोबर आहे तुमचं, मी कॅसेटी फेकल्या. एक वाक्य. वाईटात वाईट काय झालं असतं? बाबा ओरडले असते. शुभांगी दोन दिवस बोलली नसती. एवढंच. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस बरोबर होता, आणि खोलीत ते ठाऊक असलेला मी एकटाच होतो. निदान मला तसं वाटत होतं.

मी हसलो. हो, हसलो. आणि म्हणालो, "बुवा, तुमचाच आहे हो आवाज. मी स्वतः त्या कॅसेटवरून उतरवलाय. चाळीस वर्षं झाली. माणसाला आपला जुना आवाज ओळखू येत नाही कधीकधी."

बुवांनी बाबांकडे बघितलं. "शांत्या, तू सांग. हो पखवाज तुझो काय रे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बुवा आले म्हणून त्यांनी कानाला मशीन लावलं होतं. ते मला दिसत होतं.

"माका खय आता आयकाक येता," बाबा म्हणाले, आणि मान खाली घातली.

बुवा एकदा स्पीकरकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मी परत म्हणालो, "तुमचाच आहे." ऋतुजाने त्यांच्या हातावर हात ठेवला. "आजोबा, होतं असं. परवा नाही का तुम्ही चष्मा शोधत होतात?" ती प्रेमाने म्हणाली. बुवांच्या चेहऱ्यावर मग जे आलं ते मला नीट सांगता येणार नाही. राग नव्हता. रस्ता चुकलेल्या माणसाला अचानक कळतं ना, की आपण भलतीकडेच उतरलोय, तसं काहीतरी होतं. त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, "खरां सांगतंस?"

"खरंच."

"मगे असात," ते म्हणाले. मग असेल. आणि गाणं संपेपर्यंत मान हलवत बसले, दुसऱ्या कुणाच्या तरी गाण्यावर. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जपलंस रे झिला."

ते लिफ्टने खाली गेले. बाबा उठून आत गेले, आणि मरेपर्यंत त्यांनी त्या स्पीकरला हात लावला नाही.

दोनेक महिन्यांनी मुलुंडला बाजारात ऋतुजा भेटली. मी विचारलं, बुवा कसे आहेत?

"काका, आजोबांनी गाणं सोडलं," ती म्हणाली. "शनिवारी हॉलमध्ये येतात, मागे बसतात. पेटी पुढे केली की म्हणतात, तुम्हीच बघा. जो माणूस आपलाच आवाज ओळखत नाही, तो तुम्हाला सूर काय देणार?"

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं ना. माझ्या बाबांना वाटलं, विसरायचा आजार असेल. डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं बरोबर केलं आजोबांनी. डॉक्टर म्हणाले, या वयाला उत्तम आहेत. पण आजोबाच ऐकत नाहीत. म्हणतात, त्या डॉक्टरला काय माहीत, माझं आत काय गेलंय ते. आता बाबा त्यांना एकट्याला खाली पण सोडत नाहीत."

पिशव्या हातात घेऊन ती उभी होती. मला सांगता आलं असतं. तिथे बाबा नव्हते, शुभांगी नव्हती, कुणीच नव्हतं. ती पोरगी रिक्षा करून तडक घरी गेली असती आणि आजोबांना म्हणाली असती, तुम्ही बरोबर होतात. संध्याकाळी म्हातारा पेटीवर बसला असता.

मी म्हणालो, "वय झालं की होतं गं असं. काळजी घ्या."

त्याच सुमारास एकदा बाबा बाल्कनीत बसले होते. मी त्यांना गोळ्या द्यायला गेलो. गोळ्या घेता घेता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बुवाक जावन सांग."

"काय सांगू?"

"तुका म्हायत आसा."

मी पाण्याचा ग्लास घेऊन आत आलो. त्यानंतर बाबांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. बाबांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं, जेव्हा त्यांची बोटं मांडीवर थांबली तेव्हापासून. स्वतःचा हात त्यांना ओळखू येणार नाही का? तरी ते लोकांना सांगत फिरले, माझ्या झिलान सगळं जपल्यान. आणि त्या रविवारी चाळीस वर्षांच्या मित्रापेक्षा त्यांनी मला निवडलं. मी कधी मागितलं नव्हतं, पण घेतलं. ते ओझं घेऊन ते स्वतः बुवांना भेटायलाही जाईनात. बुवांचा फोन आला तर मला खुणेने सांगायचे, झोपलेत म्हण.

बुवा त्यानंतर अकरा महिने जगले. भांडुप ते मुलुंड दोन स्टेशनं. अकरा महिने. मी गेलो तो थेट शेवटच्या दिवशी, खांदा द्यायला. बाबा आले नाहीत. पुढे तीन वर्षांनी बाबाही गेले.

मला वाटलं होतं, आता यातलं कुणी उरलं नाही, आता हे माझ्याबरोबर जाईल.

गेल्या श्रावणात ऋतुजाचा फोन आला. आता ती गाणं शिकवते, बोरिवलीला तिचा क्लास आहे. म्हणाली, "काका, आजोबांचं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. तुमच्याकडची ती बारी पाठवाल? मला ती सगळ्यांना ऐकवायचीय. नेटवर ठेवते, म्हणजे कायम राहील."

मी म्हणू शकत होतो, पेन ड्राइव्ह खराब झाला. तेही खोटंच, पण निदान कुणाचं काही हिरावणारं नाही. सत्याचं तर मी बोलतच नाही. साधं, कमी वाईट खोटंसुद्धा मला बोलता आलं नाही. कारण ती फोनवर पुढे म्हणाली, "तुम्ही जपलंत म्हणून, काका. नाहीतर काहीच उरलं नसतं." ते ऐकायला मला बरं वाटलं. खरं सांगतोय, बरं वाटलं. मी फाईल पाठवून दिली.

तिने ती टाकली. वर बुवांचा फोटो. पांढरा सदरा, पेटीवर हात. खाली त्यांचं नाव, गावाचं नाव, आणि 'लाईट गेल्याची बारी'. लोक ऐकतात. गावाहून, आखातातून, कुठून कुठून माणसं खाली लिहितात, अंगावर काटा आला, काय तो आवाज, असा बुवा होणे नाही. आणि तो ज्याचा आवाज आहे तो कोण, कुठला, जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही. त्याचंही मी घेतलंच की.

चारपाच दिवसांनी एका माणसाने खाली लिहिलं, 'हो आवाज भिवाबुवांचो न्हय. त्या बारीक मी झांजेक होतंय.' म्हणजे त्या बारीला झांज वाजवायला तो स्वतः होता. कुणी म्हातारा असणार, गावी नातवाच्या मोबाईलवर लिहिलेलं. लोक त्याच्यावर तुटून पडले. आजोबा, कान तपासा, वगैरे.

ऋतुजाने मला फोन केला. तिचा आवाज जरा दबका होता.

"काका, एक विचारू? हे गृहस्थ म्हणतायत... आजोबासुद्धा तेव्हा तेच म्हणाले होते ना? तुम्ही होतात ना त्या बारीला?"

इतक्या वर्षांनी तिने ते मला स्वतःहून, सरळ विचारलं. तिच्या मनात शंका आली होती. मला नुसतं म्हणायचं होतं, हो, ते बरोबर म्हणतायत.

"होतो ना," मी म्हणालो. "पुढेच बसलो होतो. बुवांचाच आवाज आहे."

"हुश्श," ती म्हणाली. "थँक्यू, काका."

मग तिने त्या म्हाताऱ्याला खाली नम्रपणे उत्तर लिहिलं. लिहिलं की, त्या रात्री तिथे हजर असलेल्या आणि ही कॅसेट ज्यांच्या घरी होती त्या काकांनी खात्री दिली आहे, वयोमानाने आठवणीत गफलत होते, आमच्या आजोबांचीही झाली होती. त्या माणसाने पुढे काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्याने आपलं आधीचं लिहिलेलंही काढून टाकलं होतं.